नवं वर्ष आणि संस्थेचं पावतीपुस्तक: तुमचे अनुभव लिहा

वाचनालय, वसतिगृह, रुग्णवाहिका, वृद्धाश्रम... कोकणात छोटी संस्था चालवणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. तुमचं वर्ष एक जानेवारीला सुरू होतं, पाडव्याला की एक एप्रिलला? तेव्हा पैसे कसे उभे करता? माझं मत आधीच सांगतो: मागणं नंतर, आधी गेल्या वर्षाचा हिशोब लोकांच्या हातात. पटत नसेल तर तेही लिहा.

गुहागर तालुका, गावचं वाचनालय

पाडव्याची वाट बघितली तर गाव रिकामा झालेला असतो. चाकरमानी शिमग्याला येतात, पालखी घरी येऊन गेली की मुंबईची गाडी धरतात. म्हणून आमचं वर्ष शिमग्यालाच सुरू होतं. सरकारी अनुदान हप्त्यांनी येतं, ग्रंथपालाला मात्र दर महिन्याला पैसे लागतात. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून नेतो: पुस्तकं किती घेतली, वीजबिल किती आलं, पावसात कुठल्या कपाटाला वाळवी लागली. पालखीच्या दिवशी मात्र पावतीपुस्तक बाहेर काढत नाही. देवाच्या मानात आपली वर्गणी घुसवणं मला पटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जातो. यंदा एका घरी आजींनी तो कागद सुनेकडून वाचून घेतला आणि विचारलं, "वाळवीचं औषध मारलंत की नाही?" मारलं म्हटल्यावर मुलाला हाक मारून पैसे आणायला सांगितले. हिशोब वाचला जातो, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

रत्नागिरी, महिला संस्था

हिशोबाचं बरोबरच आहे, पण वेळेचंही बघा. जानेवारीत आंबा बागायतदाराच्या दारात देणगीसाठी जाऊ नका, कळकळीने सांगते. झाडं मोहरावर असतात, तुडतुड्यांसाठी फवारण्या चालू असतात, मजुरी रोजची. सगळा पैसा बाहेर जात असतो. आम्ही पाडव्याला फक्त शब्द घेतो आणि वहीत लिहितो. मे संपला, दलालाची शेवटची विक्रीपट्टी हातात आली, की आठवण करायला जातो. दिलेला शब्द बहुतेक जण पाळतात. मच्छीमारांचं नेमकं उलटं: १ जूनला पावसाळी बंदी सुरू होते, तेव्हा त्यांच्याकडे जायचं ते त्यांना काय हवं-नको विचारायला.

चिपळूण, खजिनदार

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर मदत कुठून कुठून आली, ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. लोकांनी धान्य दिलं, चादरी दिल्या, गाळ उपसायला माणसं पाठवली. ते ऋण आहेच. पण पुढच्या जानेवारीत शिवणवर्गाच्या बाईंचं मानधन, जागेचं भाडं, ऑडिटची फी यासाठी हात पसरला तेव्हा फार थोडे पुढे आले. संकट दिसतं, रोजचा खर्च दिसत नाही. तेव्हापासून मी नवीन वर्षाला मोठी देणगी मागतच नाही. महिन्याला २०० रुपये, खात्यातून आपोआप वळते होणारे, एवढंच मागतो. रक्कम लहान असली तरी जूनमध्ये वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे एप्रिलमध्येच ठरवता येतं. माझ्या लेखी हीच खरी देणगी.

करसवलतीबद्दल स्पष्ट बोला. देणगीवरची आयकर सवलत, जिला आपण ८०जी म्हणतो, ती रोखीने २,००० रुपयांपर्यंतच मिळते, त्यावर चेक किंवा ऑनलाइन. नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती मिळतच नाही. हे पावती फाडण्याआधी सांगतो. कोणी किती दिलं याचं विवरणपत्र संस्थेला आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरायचं असतं, म्हणून पॅन तिथल्या तिथे लिहून घेतो. मार्चअखेर देणाऱ्यांना एप्रिलमध्ये आभाराचं पत्र जातं, त्यात पुढची मागणी नसते.

कुडाळ तालुका, मुलींचं वसतिगृह

आम्ही जानेवारीत तांदूळ गोळा करतो. भात झोडून, भरडून घरात आलेलं असतं. घरटी एक पायली मागतो, कोणी नारळ देतं, कोणी सोलं (आमसुलं). एका म्हातारीने सांगितलेलं अजून कानात आहे: "पैशे नाय हत, तांदूळ घेवन जावा. पण वहीत माझा नाव घाला." घातलं. पैसे देणाऱ्यांच्याच यादीत, त्याच पानावर. तांदळाची वेगळी यादी करू नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

लांजा तालुक्यातल्या गावाचं मुंबई मंडळ

आमची दिनदर्शिका. जत्रा, पालखी, ग्रामदेवतेचे उत्सव यांच्या तारखा आणि गाववाल्यांच्या दुकानांच्या जाहिराती. डिसेंबरातच छापून व्हायला हवी; जानेवारी लागला की जाहिरातदार हात आखडता घेतात.

अलिबाग, आरोग्य संस्था

"कंपन्यांकडे का जात नाही?" असं आम्हाला हमखास विचारतात. जातो. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. पण हा पैसा घ्यायला संस्थेकडे सीएसआर-१ ही सरकारी नोंदणी लागते, आणि पैसा ठरलेल्या प्रकल्पाला मिळतो, कार्यालयाच्या भाड्याला क्वचित. बहुतेक कंपन्यांचं अंदाजपत्रक एप्रिलपासून असतं, म्हणून प्रस्ताव जानेवारी-फेब्रुवारीत द्या. सोबत गेल्या वर्षाचा ऑडिट अहवाल जोडा. आमच्याकडे पहिल्या भेटीत तोच मागितला गेला.