कॉलेजातली 'जागृती' फक्त मुलींसाठीच का?

रानजाई: परवा धाकट्या बहिणीच्या कॉलेजात लैंगिक अत्याचारावर जागृतीचा कार्यक्रम झाला, मुलींना हॉलमध्ये बसवलं आणि पोरं कॅन्टीनला मोकळी. दीड तास काय तर रात्री उशिरा फिरू नका, लोकेशन शेअर करा, आणि शेवटी कराटेचे दोन हात. अशा तक्रारी ऐकायला कॉलेजात जी अंतर्गत तक्रार समिती असते, तिच्यात कोण आहे हे कोणी सांगितलंच नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर समितीत तीन विद्यार्थी लागतात, तेही निवडून आलेले. बहीण म्हणे, असलं काही असतं होय?

बंडूनाना: मी दोन मुलींचा बाप आहे. कायदा नंतर, आधी पोरगी धड घरी यायला हवी. घराला कुलूप लावतोच ना आपण?

रानजाई: नाना, कुलूप चोराला. इथे बरेचदा ओळखीचाच असतो, सिनियर, गाईड, ग्रुपमधला मित्र. आणि पोरांनाच सांगायची गोष्ट म्हणजे मथुरा प्रकरण, म्हणजे मथुरा नावाच्या आदिवासी मुलीचं, आपल्या गडचिरोलीकडच्या देसाईगंजचं. १९७२ मध्ये पोलीस ठाण्यात तिच्यावर अत्याचार झाला, आणि १९७९ ला सुप्रीम कोर्टाने अंगावर खुणा नाहीत वगैरे म्हणत दोघा पोलिसांना सोडलं. त्यावर देशभर रान उठलं, मग १९८३ ला कायदा बदलला. आता कायद्यात सरळ लिहिलंय, अंगाने विरोध केला नाही एवढ्यावरून संमती धरायची नाही. वर्गातल्या किती जणांना माहितीये हे?

हॉस्टेल_बी_ब्लॉक: आम्हाला बसवून काय, आल्याआल्या आरोपीच धरणार. खोट्या तक्रारींवर कोणी बोलत नाही. आमच्यातल्या एकाचं नाव नुसतं ग्रुपवर फिरलं, तक्रार झालीच नाही, तरी त्याच्याशी कोणी बोलेना.

रानजाई: अरे मग ग्रुपवर का फिरलं, समिती कुठे बसते तेच ठाऊक नाही म्हणून ना! तिथे दोन्ही बाजू ऐकतात, चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, मुद्दाम खोटी तक्रार केली तर कारवाईही आहे (सिद्ध झाली नाही म्हणजे खोटी, असं मात्र नाही). आणि मुलगे, तृतीयपंथी विद्यार्थीसुद्धा बळी पडू शकतात हे त्याच नियमांत आहे. रॅगिंगच्या नावाखाली हॉस्टेलात काय चालतं ते मी तुला काय सांगू.

हॉस्टेल_बी_ब्लॉक: हे शेवटचं खरंय. फर्स्ट इयरला आमच्या मजल्यावर... जाऊ दे. पण बोलणारा माणूस धड आणा, नाहीतर आम्ही मागे बसून रील बघणार.

बंडूनाना: त्या समितीची नावं कुठे लावलेली असतात? सोमवारी धाकटीची फी भरायला जायचंच आहे, विचारून येतो. लोकेशन मात्र मी मागणारच.