पुस्तक मांडीवर, घड्याळ डोक्यावर

पुस्तक शेजारी ठेवून पेपर देता येणार असेल तर इंग्रजीच्या ऑनलाइन परीक्षेची वेगळी तयारी कशाला, या मताशी मी सहमत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांनी ऑनलाइन झाल्या, तेव्हा माझी भाची परळच्या एका खोलीत, कुकरच्या शिट्ट्या ऐकत, मोबाइलवरच पेपर सोडवत होती. उतारा वर आणि प्रश्न खाली असल्याने स्क्रीन सरकवताना तिची ओळ हरवे. म्हणून आधी प्रश्न वाचून मगच उताऱ्याकडे वळायची सवय तिने सरावातच लावून घेतली होती.

व्याकरणाचे दुखणे निराळे आहे. ‘मी पाच वर्षांपासून इथे राहते’ हे आपण मराठीच्या वळणाने ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे करतो, आणि पर्यायांमध्ये नेमके हेच आमिष ठेवलेले असते. ‘हॅव बीन लिव्हिंग’ आणि ‘फॉर’ कानात मुरलेले नसतील, तर कोणते पान उघडायचे हेही सुचत नाही. अशी पाच-सहा वाक्ये रोज स्वतः लिहून मोठ्याने वाचावीत. सराव चाचणी असल्यास ती परीक्षेच्याच फोनवरून द्यावी.