कमी पैशांतला भयपट : पडद्यामागचं सांगा

रामसे बंधूंचा 'दो गज़ ज़मीन के नीचे' (1972) महाबळेश्वरात चित्रित झाला. दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन अशी कामं भावाभावांनी वाटून घेतलेली, घरचं कार्य असल्यासारखी. असं काम तुमच्यापैकी कुणी केलं असेल, अगदी लघुपट का असेना, तर लिहा. सुरुवात मी करते.

मी ध्वनी सांभाळते. भूत दाखवायला पैसे नव्हते, म्हणून ते ऐकवायचं ठरलं. हिचकॉकच्या 'सायको' या भयपटातल्या (1960) सुरीच्या वारांचा आवाज खरबुजात सुरा खुपसून काढला होता, हे ठाऊक होतं. आम्ही दुधी, कलिंगड, खरबूज, सगळ्यांवर सुरी चालवली. दुधी कोरडा वाजतो. कलिंगड पाणचट. खरबूजच खरं. हाड मोडायला मात्र मुळा घ्यावा, ओल्या फडक्यात गुंडाळून माइकजवळ पिळावा. सगळ्यात छळलं रातकिड्यांनी. एका शॉटमध्ये किर्र, पुढच्यात चिडीचूप. जोडलं की सांधा कानाला लगेच कळतो. तेव्हापासून प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प बसवून दोन मिनिटं नुसती तिथली शांतता रेकॉर्ड करून ठेवते.

* * *

'सायको'तलं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. चित्रपट कृष्णधवल, म्हणून चाललं. आम्हा मेकअपवाल्यांना आता ती सोय नाही. मी साखरेच्या पाकात खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको घालतो. कोको नसेल तर सरबत दिसतं. एकदा रात्री शेतात नटी प्रेत होऊन पडली होती. दहा मिनिटांत मुंग्या लागल्या. बिचारी हलली नाही, टेक पूर्ण केला. मला अजून वाईट वाटतं. आता आधी भोवती मुंग्यांच्या खडूची रेघ ओढतो, मगच रक्त ओततो.

* * *

मी कॅमेऱ्यावर होतो. जनरेटर परवडत नव्हता, म्हणून बाहेरची सगळी रात्र तिन्हीसांजेला घेतली. सूर्य बुडाल्यावर निळा उजेड जेमतेम वीस मिनिटं टिकतो. विहिरीच्या एका प्रसंगाला सहा संध्याकाळी गेल्या. आणि पाऊस दाखवायचा तर दिवा धारांच्या मागे लावा. समोरून लावलात तर पाऊस दिसतच नाही.

* * *

आम्ही शूटिंगला वाडा दिला होता. आजेसासूबाई ऐकेनात. "माझ्या घरात भूत? धाकट्याचं लग्न व्हायचंय अजून. मुलगी कोण देईल?" कुणी हसलं नाही. दिग्दर्शक त्यांच्यापाशी जमिनीवर बसून ऐकत राहिला. शेवटी ठरलं : आतलं सगळं आमच्याकडे, बाहेरचा दरवाजा दुसऱ्या गावच्या पडक्या वाड्याचा. नायिका तिथला उंबरा ओलांडते आणि आमच्या ओसरीवर येते. मध्ये चौदा किलोमीटर!

चित्रपट पाहताना आजी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. दरवाजा आला तशा सरळ झाल्या आणि शेजारच्या काकूंना म्हणाल्या, "हे दार आपलं नव्हे हो."