मदत हवी आहे: पावसाळ्यात पाळलेल्या मुंगळ्यांच्या घराला बुरशी धरलीय, नवं घर कशाचं करू?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावचा, अनगोळला राहतो, उद्यमबागेत व्हीएमसीवर, म्हणजे धातू कोरणाऱ्या कॉम्प्युटरच्या मशीनवर कामाला आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात वळीव दणकून झाला, त्या रात्री दारातल्या ट्यूबलाइटखाली पंख गळालेली मुंगळ्याची राणी सापडली. टेस्ट ट्यूबमध्ये तळाला पाणी, मग कापसाचा बोळा, पुढे राणी आणि तोंडाला परत कापूस, असं करून कपाटात अंधारात ठेवली. खायला काही घातलं नाही. या जातीची राणी सुरुवातीला अंगातल्या साठ्यावर आणि पंखांचे स्नायू जिरवून पहिल्या अळ्या वाढवते. जवळपास दोन महिन्यांनी पहिल्या चार बारक्या कामकरी मुंग्या दिसल्या, तो दिवस मी विसरणार नाही. आता सत्तरच्या आसपास आहेत. जात कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, म्हणजे आपला नेहमीचा काळा मुंगळा.

जानेवारीत त्यांना पीओपीचं घर केलं. काचेवर खेळण्यातल्या मातीचे खोल्यांचे आकार चिकटवले, भोवती अ‍ॅक्रेलिकच्या पट्ट्यांची चौकट लावली आणि वरून पीओपी ओतलं. घट्ट झाल्यावर माती उकरून काढली की खोल्या तयार. खोल्यांचा खोलपणा बारा मिलिमीटर ठेवला, मोठ्या डोक्याच्या मुंग्यांना वळायला तेवढं लागतं. एका कडेला पाणी घालायची खाच आहे, तिथून ओल आत झिरपते. शेजारी खाण्यापिण्याचा डबा, दोन्हींच्या मध्ये पारदर्शक नळी. उन्हाळाभर उत्तम चाललं. ओल्या कडेला अंडी नि अळ्या, कोरड्या कडेला पांढरे कोश, अशी वाटणी त्यांची त्यांनीच करून टाकली होती.

जूनच्या शेवटापासून सगळं बिघडलं. आपल्याकडची हवा तुम्हाला ठाऊक आहे, दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. पीओपी कायम ओलं, काचेला आतून घाम, आणि ओल्या खोलीत आधी पांढरी, मग करडी बुरशी. परवा रात्री टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावून बघत बसलो (लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही). एक मुंगी तोंडात कोश धरून नळीच्या तोंडाशी आली. आत दोन पावलं टाकायची, मिशा फिरवायची आणि मागे यायची. सहा-सात वेळा तेच. शेवटी डब्याच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा तुकडा पडला होता, त्याच्याखाली तिनं तो कोश नेऊन ठेवला. सकाळी बघतो तर राणीसकट सगळी वसाहत त्या पुठ्ठ्याखाली. आठ दिवसांत अकरा मेल्या. मला काही सुचेनासं झालंय.

नवं घर करायचं नक्की आहे, फक्त कशाचं ते ठरत नाही. बांधकामाचा सिपोरेक्सचा (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा) ठोकळा मिळतो, स्वस्त आहे, जुन्या स्क्रू-ड्रायव्हरनंही कोरता येतो. (मशीनवर कोरणार नाही. त्याची भुकटी स्लाइडवेवर, म्हणजे मशीनचे भाग सरकतात त्या पट्ट्यांवर बसली तर मशीनची वाट लागेल.) दुसरा विचार चिऱ्याचा, खानापूर-चंदगडकडे जाल तिथं जांभा दगड आहेच. तिसरा भाजक्या मातीचा. पाहिलेले बहुतेक व्हिडिओ परदेशातले, त्यांची अडचण घर फार सुकण्याची, माझी नेमकी उलटी. डब्याच्या कडेला टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावली होती, मुंग्या चढू नयेत म्हणून. ती या हवेत ओलसर होते आणि त्या आरामात वर येतात. त्यावरही कुणी सांगा की.

आणखी एक. आईनं माझ्यासाठी घरात मुंग्यांचा खडू ओढणं बंद केलंय. पण नागपंचमी होईपर्यंत काही खणायचं-कोरायचं नाही, असं तिनं बजावलंय. ते मी पाळणार. तोवर या जगल्या पाहिजेत.

प्रतिसाद १ (निपाणीहून)

दादा, आधी पाणी घालणं आजच बंद करा. घराला पाणी आणि मुंग्यांना प्यायला पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डब्यात पाण्याची टेस्ट ट्यूब कापूस लावून आडवी ठेवा, त्या तिथून पितात. हवेतच एवढी ओल असताना घराला वेगळी लागत नाही.

बुरशीचा त्रास मुंगळ्यांना जास्त का, तेही सांगतो. बहुतेक मुंग्यांच्या छातीच्या मागच्या बाजूला एक ग्रंथी असते, तिचा स्राव जंतू आणि बुरशी मारतो. कॅम्पोनोटसच्या बहुतेक जातींत ती ग्रंथीच नसते. तेव्हा त्या बाहेर पडल्या म्हणून वाईट वाटून घेऊ नका, जागा बदलून त्यांनी शहाणपणच केलं. परत आत ढकलू नका, झटकू तर अजिबात नका.

पावडरीचं म्हणाल तर पावसाळ्यात ती विसरा. झाकण घट्ट बसणारं घ्या, मध्ये मोठं भोक पाडून स्टीलची बारीक जाळी चिकटवा. आणि जुन्या घरांत दुधा-तुपाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या दगडी वाट्या असायच्या बघा, तसंच करा. अख्खा डबा पाण्याच्या परातीत, चार वाट्या उपड्या घालून त्यांवर ठेवायचा. यांचं बाहेर जाणं थांबतं, शिवाय घरातल्या बारक्या तांबड्या मुंग्या आत घुसून अळ्या पळवत नाहीत. माझी पहिली वसाहत तशीच गेली, एका रात्रीत. परातीतलं पाणी दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील.

प्रतिसाद २ (खानापूरहून)

आमच्या घरी कुंभारकाम आहे, म्हणून मातीबद्दल बोलते. चिरा नको. तो दिसतो देखणा, पण त्याला अंगचीच भोकं असतात, एकातून दुसऱ्यात गेलेली. मुंग्या त्यांतून आत शिरतील आणि तुम्हाला राणी पुन्हा दिसायची नाही. तांबडी भुकटी काचेला चिकटते ती वेगळीच.

भाजकी माती घ्या, चकाकी न दिलेली. मडक्यासारखीच ती पाणी ओढते आणि पृष्ठभागातून सोडतेही. तुम्हाला हवी तशी एक कड ओली, एक कोरडी ठेवता येते, फक्त पाण्याची खाच एका टोकालाच ठेवायची. दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्या. वाळून-भाजून होईपर्यंत माती साधारण दहावा हिस्सा आकसते, तेव्हा बारा मिलिमीटर हवं तर ओल्या मातीत साडेतेरा कोरायचं. आणि भट्टीत खोल्या कोरलेला मातीचा पाट थोडा वाकतो, मग वरची काच टेकत नाही, फटीतून मुंगी निसटते. त्यावर उपाय म्हणजे भाजल्यावर सपाट फरशीवर वाळू आणि पाणी टाकून पाट उपडा घासायचा. तळव्याला कुठंही उंचवटा लागू नये इतका घासा. नंतर तीन-चार दिवस पाण्यात बुडवून, पाणी बदलत ठेवा, आतला क्षार निघून जाईल.

पावसात आमचीही भट्टी रोज लागत नाही. आणि कोरायचं काम मी करीन, तेही पंचमी झाल्यावरच. आईंना सांगा, त्यांचा शब्द मोडणार नाही. तुम्ही मापं पाठवा.

धागाकर्ता

ताई, दादा, मनापासून आभार. पाणी बंद करून पाच दिवस झाले. स्टीलची जाळी खडेबाजारात मिळाली, झाकणाला बसवली. डबा परातीत आहे. तात्पुरतं घर म्हणून एक कोरडी टेस्ट ट्यूब काळ्या कागदात गुंडाळून डब्याला जोडली आणि पुठ्ठ्यावर दिवसा टेबललॅम्पचा उजेड सोडला. पहिले दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या रात्री एक आत जाऊन आली आणि दुसरीला मिशांनी डिवचून मागे घेऊन गेली. त्यानंतर कोश हलायला लागले. राणी काल पहाटे गेली. काचेची चिंचोळी नळी आणि ती एवढी जाड, मध्ये थांबत होती, मागून दोघी ढकलत होत्या. पाच दिवसांत एकच मेली.

ताई, मापं अशी: पाट २० बाय १४ सेंटीमीटर, सहा खोल्या, त्यांतली एक राणीसाठी मोठी, नळीचं भोक १२ मिलिमीटर, ही सगळी भाजल्यानंतरची. एवढ्या सत्तर मुंग्यांना सहा खोल्या जास्त होतील का? रिकाम्या खोलीत त्या कचरा टाकतात असं वाचलंय. चार पुरणार असतील तर दोन मातीनंच बुजवून ठेवू, वसाहत वाढली की मी पाण्यानं भिजवून उकरीन. पंचमीनंतरच्या रविवारी खानापूरला येतो.