१३८१चं बंड फसलं, असं म्हणू नका

जुनी_वही: इंग्लंडच्या मध्ययुगाचा विषय निघाला की शेतकरी बंडाबद्दल ठरलेलं उत्तर येतं: लंडनमध्ये जाळपोळ झाली, बंडाचा पुढारी वॉट टायलर मारला गेला, संपलं. मला हे अजिबात पटत नाही.

सेंट अल्बन्स हे लंडनच्या उत्तरेचं, मठाच्या ताब्यातलं गाव घ्या. तिथल्या कुळांनी मठाच्याच चक्कीवर दळायचं आणि त्याचा मोबदला द्यायचा, असा मठाचा हक्क होता. घरी जातं ठेवायला बंदी. एका मठाधिपतीने तर लोकांची जाती जप्त करून तेच दगड मठातल्या दालनात फरशी म्हणून बसवले. सुमारे पन्नास वर्षांनी, १३८१च्या जूनमध्ये, लोक आत शिरले, फरशी उखडली, दगड फोडले आणि चर्चमध्ये प्रसादाची भाकरी वाटतात तसे तुकडे वाटून घेतले. आजोबांच्या जात्याचा अपमान नातवंडं विसरली नव्हती. याला मी फसलेलं बंड म्हणणार नाही.

माळरान: प्रसंग चटका लावणारा आहे, मान्य. पण भूदासांची, म्हणजे सरदाराच्या जमिनीला बांधलेल्या कुळांची, सुटका बंडाने नाही, प्लेगने केली. १३४८-४९ मध्ये निदान एक तृतीयांश माणसं गेली, राबणारे हात उरले नाहीत, मजुरी वाढली. बंडातून काय मिळालं? १४ वर्षांच्या रिचर्ड राजाने लंडनबाहेर माइल एंडला भूदासांना मुक्त करणाऱ्या सनदा दिल्या, २ जुलैला रद्द केल्या. त्याच वर्षीच्या पार्लमेंटमध्ये भूदासांना मुक्त करायचं का, असं विचारलं तेव्हा 'कॉमन्स', म्हणजे सामान्यांचं म्हणवलं जाणारं सभागृहसुद्धा नाही म्हणालं. नाव कॉमन्स, पण बसलेले नाईट आणि व्यापारी! पुढे १४२९ मध्ये काउंटीतलं मत वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असलेल्यांपुरतंच ठेवलं. सत्ता तसूभर हलली नाही.

जुनी_वही: प्लेगने मजुरी वाढवली, पण ती प्लेगच्या आधीच्या दरावर बांधणारा कायदा १३५१ मध्ये आलाच ना? राबवणारे तेच जमीनदार. वर डोईपट्टी: १३७७ मध्ये माणशी ४ पेन्स, १३८० मध्ये १२! नुसती माणसं कमी झाली म्हणून हे जू उतरलं नसतं. तशी डोईपट्टी नंतर कितीतरी पिढ्या कुणी लावली नाही, ते कशामुळे?

कोपऱ्यातला_दिवा: एक गोष्ट दोघांकडूनही सुटतेय. बंडखोरांची परवलीची खूण होती 'राजा रिचर्ड आणि खरे कॉमन्स', म्हणजे खरी सामान्य जनता. त्यांना राजा हवा होता, मधले सरदार नको होते. वेठ बंद करा, एकरी ४ पेन्स खंड घ्या, ही मागणी. आणि याच लोकांनी लंडनमध्ये फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचे, परदेशी शोधून शोधून मारले. तेही लिहा.

जुनी_वही: लिहायलाच हवं, ते हत्याकांडच होतं. पण सेंट अल्बन्सचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉबही त्याच बंडातला. बंडात मठाकडून मिळवलेले हक्कांचे कागद परत करायला गावाला राजी कर, जीव वाचेल, असं सांगून त्याला सोडलं होतं. तो गावात येऊन म्हणाला, माझी काळजी करू नका, ठाम राहा. त्याला फाशी दिली.

माळरान: आणि कागद परत द्यावे लागलेच.

जुनी_वही: लागले. पण सरदारांच्या ज्या दप्तरांना लोकांनी आग लावली, तसल्याच दप्तरातल्या नोंदीची नक्कल पुढच्या शतकात कुळाच्या हातात आली, जमिनीवरच्या हक्काचा पुरावा म्हणून.

माळरान: नक्कल कुळाकडे, दप्तर सरदाराकडेच. बाप गेला की नजराणा भरल्याशिवाय मुलाच्या नावाची नक्कल निघत नव्हती.