प्रतिसाद: ड्राइव्हमधून शंभरच फायली उतरतात त्याबद्दल

वसमतच्या हळद उत्पादक गटाच्या फोल्डरमधून तुमची स्क्रिप्ट (फायली उतरवणारा छोटा प्रोग्राम) शंभरच फायली आणून थांबते, तो बिघाड नाही. गुगल ड्राइव्हची एपीआय, म्हणजे स्क्रिप्टने ड्राइव्हशी बोलायची सोय, फायलींची यादी पानापानाने देते आणि वेगळं सांगितलं नाही तर एका पानावर 100 नोंदी असतात. उत्तरात 'नेक्स्ट पेज टोकन' (पुढच्या पानाची खूण) येतंय तोवर पुढचं पान मागत राहायचं. 'पेज साइज' (एका पानावरच्या नोंदी) 1000 पर्यंत वाढवता येतो.

वर कुणी 'सगळं एकदाच झिप करून घ्या' म्हटलंय, ते मला पटत नाही. आपल्याकडे दुपारी लाइट गेली की राउटर बंद, आणि एवढी मोठी झिप पुन्हा पहिल्यापासून. एकेक फाइल घ्या. उतरत असताना नावाला 'पार्ट' जोडा, पूर्ण झाली आणि एमडी5 (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) ड्राइव्हवरच्याशी जुळला की मगच खरं नाव द्या. लाइट आल्यावर स्क्रिप्ट राहिलेल्याच फायली आणेल. गुगल डॉक्स-शीट्सना एमडी5 नसतो. त्या थेट उतरतही नाहीत, एक्स्पोर्ट कराव्या (पीडीएफसारख्या दुसऱ्या प्रकारात काढाव्या) लागतात, तेही 10 एमबीपर्यंतच. त्या पुन्हा आणायच्या का, हे ठरवायला बदलाची तारीख पाहा.

आणखी एक. 'सातबारा' नावाच्या कितीही पीडीएफ ड्राइव्हच्या एकाच फोल्डरमध्ये राहू शकतात! संगणकावर मात्र एकीवर दुसरी चढेल आणि पहिली जाईल. नावापुढे फाइल आयडी (ड्राइव्हने प्रत्येक फाइलला दिलेली वेगळी ओळख) जोडाच, शेतकऱ्यांची कागदं आहेत ती.