मराठी झाइनचं परीक्षण लिहिताना नेमकं काय तपासायचं?

नौपाडा_वाचक
परीक्षणासाठी एक झाइन, म्हणजे स्वतःच छापून काढलेली छोटी पुस्तिका आलीय: २४ पानी, ए५ आकाराचं मराठी कॉमिक. ठाण्यातच झेरॉक्स काढून, मधोमध दोन पिना मारून केलेलं. कादंबरीवर लिहिता येतं, पण इथे कथा सांगून झाली की ‘चित्रं छान आहेत’च्या पुढे सरकता येत नाही. काय बघू? पीडीएफही पाठवलीय, त्यावरून लिहिलं तर चालेल का? आतली चित्रं दाखवता येतात का?

ऐरोली_सेक्टर
पीडीएफवरून लिहू नका. पान उलटणं हा कॉमिकमधला सगळ्यात मोठा विराम असतो आणि तो स्क्रीनवर नाहीसा होतो. धक्का देणारी चौकट डाव्या, म्हणजे सम पानावर असेल तर पान उलटेपर्यंत ती झाकलेली राहते. तीच उजव्या पानावर आली की डावं पान वाचता वाचता डोळा तिकडे जातो आणि गंमत आधीच फुटते. एकूण किती धक्के आहेत आणि ते कुठल्या पानांवर पडलेत, हे लिहून काढा. अर्धं परीक्षण त्यातच मिळेल.

२४ पानं म्हणजे मधोमध दुमडलेले ए४चे सहा कागद. त्यात १२-१३ ही एकच जोडी सलग कागदावर येते. दोन पानांवर पसरलेलं चित्र तिथे असेल तर रेघ अखंड राहते. इतरत्र दोन वेगळे कागद शेजारी येतात, त्यामुळे घडीपाशी रेघ दोनेक मिलिमीटर सरकतेच. चित्रकाराने हे ओळखून मांडणी केलीय का, ते बघा.

कोपरी_अक्षर
अक्षरांवर मराठी परीक्षणात कोणी लिहीत नाही, याचं वाईट वाटतं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार. संवादाच्या फुग्यातल्या ओळी इंग्रजीइतक्या जवळ बसवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात घुसतो. अक्षरं टाइप केलेली असतील तर ‘ऱ्य’ तपासा. ‘आचाऱ्याला’ म्हणजे स्वयंपाक्याला, ‘आचार्याला’ म्हणजे गुरूला. चुकीच्या टायपिंगने पात्रच बदलतं! ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली असेल किंवा जोडाक्षरं सुटी पडली असतील, तर सॉफ्टवेअरमधली भारतीय लिप्यांची सेटिंग बंद राहिलेली असते. परीक्षणात कारणही लिहा, म्हणजे पुढच्या अंकात सुधारता येईल.

वाशी_छपाई
छपाईचा दोष आणि चित्रकाराचा निर्णय यांत गल्लत होते. त्यासाठी दोन प्रती मागवा. एकाच प्रतीत रेघ पुसट असेल तर तो मशीनचा दोष, दोन्हींत असेल तर बहुधा मूळ पानातला. ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या, पातळ) कागदावर मोठा काळा भाग मागच्या पानावर दिसतो, आणि घडीवर आला तर टोनर (झेरॉक्सची काळी पूड) तडकून पांढरी चीर पडते. रिसोवर (स्टेन्सिलमधून शाईने छापणाऱ्या यंत्रावर) छापलेलं असेल तर प्रत्येक रंग वेगळ्या ड्रमने चढतो. मिलिमीटरभर रंग सरकणं किंवा बोटाला थोडी शाई लागणं हा त्या तंत्राचाच गुण आहे, त्याचे गुण कापू नका.

किंमत, पानं, कागद आणि प्रत कुठे मिळेल, हे शेवटी हवंच.

नौपाडा_वाचक
पान ९वर तळाच्या ओळीचे उकार दोन्ही प्रतींत कापले गेलेत. लिहू का?

वाशी_छपाई
जरूर, पान क्रमांकासकट. झेरॉक्स मशीन कडेचे चारेक मिलिमीटर छापतच नाही. मूळ पानावर चारी बाजूंनी ८ मिमी मोकळे सोडले असते तर उकार वाचले असते.

ऐरोली_सेक्टर
चित्रांचं राहिलं. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम ५२मध्ये समीक्षेसाठी वाजवी वापराला मुभा आहे. ज्यावर लिहिताय त्याच दोन-तीन चौकटी द्या, शेवटचं पान देऊ नका.

आणि चौकटी नाहीत म्हणून कॉमिक कच्चं ठरवू नका. ‘भीमायन’ या डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरच्या चित्रकादंबरीमध्ये (२०११) दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी सरळ चौकोन टाळून गोंड पद्धतीच्या नक्षीने पानं विभागली. तिथे मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं आणि झोंबणारं बोलणं विंचवाच्या नांगीच्या. तुमच्या २४ पानांत फुग्याचा आकार कुठे बदलतो? तिथून सुरुवात करा.